टिक १,४६,२००

जळगावनं मोशीला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचं आमंत्रण ग्रुपवर पडलं. त्याच रात्री सोलापूरचा मला वेगळा मेसेज आला, ‘बार्शी, ती मिराजची मॅच आहे का बे अजून तुझ्याकडं?’

ही गावं नाहीत, माणसं आहेत. पुण्यात कर्वेनगरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहायचो आणि पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाचं नाव मागं पडून गाव तेवढं उरलं. सोलापूर, जळगाव, चिपळूण, इचलकरंजीचा तो नुसता ‘इचल’, आणि मी बार्शी. दिवसा इंजिनीअरिंग, रात्री ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’, गोळीबाराचा ऑनलाइन खेळ. एक संघ बॉम्ब लावतो, दुसरा तो निकामी करायला बघतो. संघ पाच जणांचा लागतो आणि आम्ही नेमके पाच होतो.

मॅच होती माझ्याकडं. मे २०१६ मधली, ८१ एमबीची एक फाइल. तपकीर गल्लीतून घेतलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर ‘डेमो’ नावाच्या फोल्डरमध्ये. मॅच संपली की तिचा डेमो, म्हणजे खेळानं ठेवलेली तिची नोंद, थोडेच दिवस उतरवून घेता यायचा, नंतर तो सर्व्हरवरून जायचा. बाकीचे अंथरुणावर पडले की मी तेवढं काम उरकून झोपायचो. फाइलला नाव द्यायचो, तारीख, नकाशा (म्हणजे खेळातलं मैदान, मिराज त्यातलंच एक), गुण. हिचं नाव होतं ‘मिराज १४-१६’. म्हणजे ती मॅच आम्ही हरलो होतो. पण सव्विसाव्या फेरीत चिपळूण एकटा उरला, समोर तिघं, बॉम्ब लागलेला, आणि ती फेरी त्यानं काढली. त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा भेटलो, तेव्हा ती फेरी सांगितली गेली. लग्नात, विमानतळावर, एकदा तर सोलापूरच्या वडिलांना बघायला गेलो तेव्हा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये.

चिपळूण आता जर्मनीत असतो. वास्तुशांतीच्याच सुमारास तो सुट्टीवर येणार होता. मी ठरवलं, त्या फेरीचा नीट व्हिडिओ करायचा. फोनवर शूट केलेला हलता तुकडा नाही. सिनेमा कापतात तसा कापलेला.

माझा भाचा नववीत आहे आणि व्हॅलोरंट खेळतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, त्या वेळी सरळ स्क्रीन रेकॉर्ड केली असतीत ना.” त्याच्या पिढीचं रेकॉर्डिंग तसंच असतं. ओबीएससारखा प्रोग्रॅम मागं चालू असतो, शेवटची तीस-चाळीस सेकंदं सतत मेमरीत धरून ठेवतो, आणि काही भारी घडलं की एक बटण दाबायचं, तेवढा तुकडा डिस्कवर उतरतो. सोय उत्तम आहे. पण आमच्या पीसीवर खेळच कसाबसा चालायचा, त्यात रेकॉर्डिंग सुरू केलं की चित्र अडखळायचं. आणि दुसरं म्हणजे, स्क्रीनचं रेकॉर्डिंग हे चित्र असतं. त्या क्षणी तुम्ही जिथं बघत होतात तेवढंच, जसं दिसत होतं तसंच. डेमो हे चित्रच नव्हे.

हे त्याला समजावताना मला ‘डूम’पासून सुरुवात करावी लागली. १९९३ चा तो खेळ सेकंदाचे ३५ भाग करायचा. त्याच्या डेमो फाइलमध्ये दर भागाला प्रत्येक खेळाडूमागं फक्त चार बाइट लिहिले जायचे, पुढं-मागं किती सरकला, बाजूला किती, किती वळला, कुठलं बटण दाबलं. बस. मिनिटभराचा खेळ म्हणजे ८,४०० बाइट. राक्षस कुठं होते, गोळी कुणाला लागली, यातलं काहीच फाइलमध्ये नाही. ते सगळं खेळ पुन्हा नव्यानं घडवतो. यदृच्छा म्हणून जे वाटायचं तेही २५६ आकड्यांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून यायचं, म्हणून तीच बटणं त्याच क्रमानं दाबली की तेच युद्ध तसंच्या तसं घडायचं. वहीत लिहिलेल्या बंदिशीसारखं आहे हे. वहीत आवाज नसतो, गाणारा लागतो. काउंटर-स्ट्राइकचा डेमो थोडा वेगळा. त्यात बटणांऐवजी सर्व्हरनं नोंदवलेली स्थिती असते. दहाही खेळाडू कुठं आहेत, कुणीकडं बघतायत, हातात काय आहे, गोळी कधी सुटली. पण चित्र त्यातही नाही. चित्र काढायला खेळच लागतो.

आणि तोच अडचणीचा भाग.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला. इंजिन नवं, डेमोची रचना नवी. जुन्या फाइली त्यात उघडत नाहीत. त्याआधीचा शेवटचा जुना खेळ मिळवता येतो, तो मिळवला, तर त्यात फाइल उघडली पण अर्ध्या मिनिटात कोसळली. २०१६ ते २०२३ मध्ये खेळात शेकडो बदल झाले होते. नकाशा जरा जरी बदललेला असला तर जुन्या डेमोतली माणसं भिंतीतून चालताना दिसतात, हवेत उभी राहतात. मला त्या महिन्यातलाच खेळ हवा होता. जुन्या आवृत्त्या उतरवून घ्यायची वाट आहे, आडवळणाची आहे. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. चौथ्या संध्याकाळी मिराजचा तो मोरोक्कोतला पिवळा चौक उघडला आणि आमची पाच नावं डाव्या बाजूला एकाखाली एक दिसली, तेव्हा मी लॅपटॉप तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कर्वेनगरच्या त्या इमारतीत तळमजल्यावर एक दादा राहायचा. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकलेला, तेव्हा कुणाच्या तरी हाताखाली काम करत होता. लॉ कॉलेज रोडवरनं जाताना त्यानं मला एकदा राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय बाहेरून दाखवलं होतं. १९६४ साली सुरू झालेलं. प्रभात कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्याच जागेत आता इन्स्टिट्यूट आहे, हेही त्याच्याकडूनच कळलं. आणि जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, ती गोष्ट सांगताना तो चालायचा थांबला होता. नायट्रेट फिल्म पेटली की विझवता येत नाही, तिच्यातच प्राणवायू असतो, म्हणाला. पण जी फिल्म उरते ती शंभर वर्षांनीही दिव्यासमोर धरली तर दिसते. माणसाचा चेहरा दिसतो, बोट लावून दाखवता येतो. माझ्या डेमोचं उलटं होतं. ती फाइल कुठं जळली नव्हती, एक बाइटही गहाळ नव्हता, आणि तरी दिव्यासमोर धरायला त्यात काही नव्हतं.

दादानं मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, “आधी पूर्ण बघ. हात बांधून बघ. कापायचं नंतर.” म्हणून मी सव्विसाव्या फेरीवर उडी मारली नाही. पहिल्या फेरीपासून अख्खी मॅच पाहिली. वहीत टिक लिहीत गेलो. टिक म्हणजे सर्व्हरचा ठोका, या खेळात सेकंदाला ६४. पाऊण तासाच्या मॅचमध्ये पावणेदोन लाखाच्या आसपास ठोके होतात, आणि प्रत्येकाला नंबर असतो. डेमोत वेळ मिनिटांत सांगत नाहीत, टिकमध्ये सांगतात. अमुक टिकवर जा म्हटलं की खेळ तिथं जातो.

पुढं जातो. मागं जाता येत नाही. हे ज्यानं डेमोवर काम केलं नाही त्याला खरं वाटत नाही. फाइलमध्ये जागा वाचवण्यासाठी बहुतेक ठिकाणी फक्त मागच्या ठोक्यापासून काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळं पाच सेकंदं मागं जायचं तर खेळ डेमो पहिल्यापासून सुरू करतो आणि भराभर पळवत तिथवर आणतो. सदतीस मिनिटांचा खेळ पुन्हा घडवायचा, कशासाठी, तर पाच सेकंदांसाठी. माझ्या लॅपटॉपवर दर वेळी मिनिटभर तरी जायचं. त्या मिनिटात स्क्रीनवर आम्ही पाच जण मुंग्यांसारखे धावायचो, मरायचो, उठायचो, पुन्हा धावायचो. पहिल्या दिवशी याचा वैताग आला. नंतर मी त्या मिनिटाची वाट बघायला लागलो. व्हिडिओच्या पट्टीवर बोटानं मागं-पुढं करता येतं तेव्हा माणूस निष्काळजीपणानं बघतो. इथं चुकलात तर अख्खा प्रवास पुन्हा. म्हणून मी टिक नीट लिहायला शिकलो, आणि नीट लिहायचा म्हणजे नीट बघणं आलंच.

या डेमोत सर्व्हरची नोंद असल्यामुळं कुणाच्याही डोळ्यांत शिरता येतं. चिपळूणच्या, माझ्या, समोरच्या पाचांपैकी कुणाच्याही. किंवा कुणाच्याच नाही, नुसता कॅमेरा घेऊन हवेत फिरता येतं. सव्विसावी फेरी मी आधी चिपळूणच्या डोळ्यांनी पाहिली. जशी आठवत होती तशीच होती. ए साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या एका जागी, बॉम्ब लागलेला, आम्ही चौघं मेलेलो, तो तिकीट बूथच्या बाजूनं आला. एक रॅम्पवर मारला. दुसरा जिन्यावर. मग धुरात शिरला आणि बॉम्ब निकामी करायला बसला. किट होतं म्हणून पाच सेकंदं, नसतं तर दहा लागली असती. धुरातून गोळ्या येत होत्या. एकही लागली नाही. फेरी आमची.

आमच्या सांगण्यात एक वाक्य कायम असायचं, ‘त्यांनी स्वतःचाच धूर टाकला आणि स्वतःच आंधळे झाले.’ चिपळूणही तसंच सांगायचा.

मग मी तिसऱ्याच्या डोळ्यांत शिरलो. जो उरला होता त्याच्या. कोण होता माहीत नाही, कुठल्या देशाचा तेही नाही. तो पॅलेसमध्ये उभा होता, बॉम्बकडं तोंड करून. त्याच्या डोळ्यांसमोर राखाडी भिंत. नुसता धूर. तो हलत नव्हता. त्याचे दोन साथीदार एकामागून एक गेले ते त्यानं ऐकलं असणार. बॉम्बवर कुणीतरी बसल्याचा आवाजही ऐकला असणार, कारण त्याच क्षणाला त्यानं गोळ्या झाडायला सुरुवात केली. अकरा. मी मोजल्या. अकराही बॉम्बच्या डाव्या अंगानं गेल्या. चिपळूण उजवीकडं बसला होता. मी ती सोळा सेकंदं त्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी कितीदा पाहिली असतील. इतकी वर्षं आम्ही त्याच्यावर हसत आलो होतो. त्यानं जे करायला हवं तेच केलं होतं. त्याला दिसत नव्हतं, एवढंच.

मग मी कॅमेरा वर नेला आणि धूर कुठून आला ते बघायला मागं गेलो. म्हणजे पहिल्यापासून सुरू करून पुन्हा तिथवर आलो. धुराचा डबा हवेतून येताना दिसतो. त्याची रेघ मागं मागं नेली तर ती ‘जंगल’ नावाच्या खोलीच्या दारापाशी जाते. तिथं जळगाव उभा होता. त्याच्या हातातून डबा सुटला आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात तो पडला. डबा तो मेल्यावरही हवेतच होता. जमिनीवर आला, लोळला, आणि टिक १,४६,२०० ला फुलला.

या खेळात धूर साधारण १८ सेकंदं टिकतो, म्हणजे ११५२ ठोके. मी वहीवर गणित केलं. चिपळूण बॉम्बवर बसला टिक १,४६,९०० ला. बॉम्ब निकामी झाला १,४७,२२० ला. धूर विरायला त्यानंतर दोनच सेकंदं उरली होती.

रात्रीचे दीड वाजले होते. मला जळगावला फोन करावासा वाटला. नाही केला. त्याला हे बघूनच कळायला हवं होतं.

आता फुटेज काढायचं. इथं डेमोचा मोठेपणा आहे, आणि हे गरीब पीसीवाल्या पोरांना कुणी सांगत नाही म्हणून मी सविस्तर सांगतो. स्क्रीन रेकॉर्ड करताना खेळ धावत असतो आणि रेकॉर्डिंग त्याच्यामागं धापा टाकत पळतं. डेमोतून फुटेज काढताना खेळाला आपण सांगतो की घड्याळ विसर. एक चित्र काढ, नीट काढ, डिस्कवर ठेव, मग पुढचं. एका चित्राला अर्धा सेकंद लागला तरी चालेल. म्हणजे ज्या यंत्रावर खेळ सेकंदाला पंचवीस चित्रांवर लंगडतो, त्याच यंत्रावर सेकंदाला ३०० चित्रांचं लोण्यासारखं फुटेज निघतं. फक्त धीर पाहिजे.

आणि डिस्क पाहिजे. १९२० बाय १०८० चं एक न दाबलेलं चित्र म्हणजे सुमारे ६.२ एमबी. सेकंदाला ३०० म्हटलं की एका सेकंदाला पावणेदोन जीबीच्या वर. माझ्या सोळा सेकंदांचे ३० जीबी, आणि ते एका कोनाचे. मी सहा कोन काढले.

तीनशे कशाला, असं भाचा म्हणाला. व्हिडिओ तर साठचाच करणार ना? दादानं मला हे हात हलवून दाखवलं होतं. डोळ्यांसमोर हात जोरात हलवा, बोटं वेगवेगळी दिसत नाहीत, पुसट पट्टा दिसतो. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो आणि प्रत्येक वेळी शटर सहसा त्यातला निम्मा वेळ उघडं असतं, म्हणून धावणारा माणूस चित्रात थोडा ओघळतो. खेळाचं चित्र मात्र एका टोकदार क्षणाचं असतं, त्यात काळ पसरलेला नसतो. म्हणून भराभर वळणारं खेळातलं दृश्य डोळ्याला खडे टोचल्यासारखं लागतं. तीनशे चित्रं काढून पाचाचं एक करत गेलं की साठ उरतात, आणि प्रत्येकात पाच क्षण विरघळलेले असतात. मग तो डबा हवेतून येताना डबा वाटतो.

कॅमेरा हवेतून फिरवायला एचएलएई नावाचं साधन वापरलं. टिकच्या हिशेबानं कॅमेऱ्याच्या चार-पाच जागा ठरवायच्या, मधली वाट ते गुळगुळीत करून देतं. (ते वापरताना खेळ असुरक्षित मोडमध्येच चालवायचा, ऑनलाइन सर्व्हरवर त्या अवस्थेत चुकूनही जायचं नाही. भाच्याला हे दोनदा सांगितलं.) स्क्रीनवरचे आकडे, नकाशा, भिंतीपलीकडच्या माणसांच्या चमकत्या कडा, सगळं बंद केलं. कोण मेलं त्याची ओळ तेवढी राहू दिली.

एका जागी अडलो. सर्व्हर सेकंदाला ६४ ठोके देत असला तरी या डेमोत नोंद त्याच्या निम्म्याच वेळा झालेली असते. मधलं खेळ अंदाजानं भरून काढतो. त्यामुळं चिपळूणनं जिन्यावरच्या माणसाला मारलं तो क्षण हळू करून पाहिला तर नेम डोक्याच्या बोटभर बाहेर दिसतो. त्याच्या स्क्रीनवर तो डोक्यावरच होता, नाहीतर गोळी लागली नसती. पण फाइल म्हणते बाहेर. असा तुकडा लोकांना दाखवला की कुणीतरी म्हणतंच, नशीब होतं. मी दोन दिवस विचार केला. मग त्या क्षणी कॅमेरा चिपळूणच्या डोळ्यांतून काढून जिन्याच्या पायथ्याशी ठेवला. तिथून फक्त त्याचं वळणं दिसतं आणि वरचा माणूस खाली येतो. यात खोटं काही नाही. कुठं उभं राहून बघायचं एवढंच ठरवलं.

गुरुवारी वीज गेली. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, पाणीही बरेचदा त्याच दिवशी नसतं, माझ्या लक्षात राहायला हवं होतं. चौथ्या कोनाचं फुटेज निघत होतं. पण सुटी चित्रं एकेक करून डिस्कवर उतरत असल्यामुळं तोवरची सगळी शाबूत होती, वीज आल्यावर राहिलेल्या टिकपासून पुढं काढली. हे भाच्याला दाखवलं तेव्हा त्याला ते लगेच पटलं, कारण त्याच गुरुवारी त्याचं एमपी४ मधलं रेकॉर्डिंग गेलं होतं. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, मधेच वीज गेली तर फाइल उघडतच नाही. रेकॉर्डिंग एमकेव्हीत करायचं, नंतर एमपी४ मध्ये बदलून घ्यायचं, मिनिटभराचं काम आहे. आता तो तसंच करतो.

माझ्या हातात सहा कोन आले तेव्हा मी पहिल्यांदा सगळे करतात तसा व्हिडिओ केला. गाण्याच्या ठोक्यावर गोळी, गोळीवर कट. चाळीस सेकंदांत संपला. पाहिला आणि पुसून टाकला. हल्लीचे बरेच हायलाइट असेच असतात, मारलं, मारलं, मारलं. त्यात माणूस थांबलेला कधी दिसत नाही. चिपळूणची ती फेरी थांबण्याची होती. तिकीट बूथच्या कोपऱ्याआड तो नऊ सेकंदं नुसता उभा होता, पावलं ऐकत. ती नऊ सेकंदं कापली तर पुढच्या गोळ्या कुणाच्याही असू शकतात. मी ती अख्खी ठेवली. गाणं काढून टाकलं. खेळाचाच आवाज ठेवला, वाऱ्याचा, पावलांचा, बॉम्बच्या टिकटिकीचा.

आणि तेव्हा लक्षात आलं की आमचा आवाज नाहीये.

आम्ही खेळातला माइक कधी वापरलाच नाही. कशाला वापरणार, दोन खोल्यांत पाच जण. ‘जिन्यावर एक!’, ‘पॅलेस बघ लका’, ‘मागं हो, मागं हो’, हे सगळं भिंतीवरून जायचं. फाइलमध्ये दहा माणसांचं प्रत्येक पाऊल आहे. कुणी कधी मान वळवली ते आहे. आमच्यातल्या कुणाचा एक शब्द नाही. आणि त्या फेरीत तर शब्दही नव्हते. आम्ही चौघं मेल्यावर चिपळूण ओरडला होता, “गप रे सगळे!” आणि घर गप्प झालं. शेवटचा एकच उरला की मेलेल्यांना दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी बघताच येत नाही. चौघांच्या स्क्रीनवर त्याचंच चित्र होतं. मग कुणीतरी उठून टेबलफॅन बंद केला. मे महिना, रात्रीचे दोन. त्याच्या हेडफोनची एक बाजू बिघडलेली होती, पंख्याच्या घरघरीत पावलं ऐकू येईनात म्हणून. ती शांतता मला खेळातल्या गोळ्यांहून जास्त आठवते. तिचा टिक नंबर नाही.

वास्तुशांत झाली. पुरणपोळी झाली. पाहुणे पांगल्यावर आम्ही पाच जण हॉलमध्ये बसलो. पडदे अजून लावायचे होते, कोपऱ्यात न उघडलेली खोकी होती. टीव्हीला लॅपटॉप जोडला. मी काही सांगितलं नाही, नुसतं लावलं.

नऊ सेकंदांच्या त्या थांबण्यात कुणी बोललं नाही. रॅम्पवरचा पडला. जिन्यावरचा पडला. मग चित्र अनोळखी माणसाच्या डोळ्यांत गेलं, राखाडी भिंत, अकरा गोळ्या. इचल म्हणाला, “आयला, हा इथंच होता व्हय?” आणि मग शेवटचा कोन. डबा उलटा, सावकाश, आपल्या वाटेनं मागं जातो, जंगलच्या दारापाशी, एका हातात. हाताच्या वर नाव.

चिपळूण पुढं सरकून बसला. टीव्हीकडं बघतच म्हणाला, “तुझा होता?”

“मी सांगितलं होतं ना भो तेव्हा,” जळगाव म्हणाला. “मेल्यावर लगेच म्हटलं, धूर टाकलाय, बस जाऊन. पण तू म्हणालास गप रे सगळे.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. चिपळूणनं त्याच्या मानेवर हात टाकला आणि तसाच ठेवला. मला त्यानं दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा बघताना मी म्हणालो, “इथं इचलनं पंखा बंद केला होता.”

“मी नाही,” इचल म्हणाला. “मी दाराजवळ होतो भावा. सोलापूर उठला होता.”

“मी कुठला बे? माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता त्या महिन्यात.”

“तो जूनमध्ये.”

“मेमध्ये. परीक्षेच्या आधी.”

जळगाव म्हणाला, पंखा त्यानं बंद केला होता, त्याला स्विचचा कडक आवाजही आठवतो. इचल म्हणाला, टेबलफॅनला स्विच नव्हताच, वायर ओढायला लागायची. मग वायर कुठल्या भिंतीला होती यावरून सुरू झालं. चिपळूणनं पेन मागितलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर कर्वेनगरच्या खोलीचा नकाशा काढायला घेतला, दार इथं, खिडकी इथं, माझं टेबल, तुझी गादी. सोलापूरनं त्याच्या हातातून पेन घेऊन खिडकी खोडली आणि दुसऱ्या भिंतीवर काढली.